अभिव्यक्तिवाद : वर्ध्याकडील वाट

युरोपीय अभिव्यक्तिवादाचा महाराष्ट्रातील प्रवेश सांगताना मराठी कलासमीक्षा सहसा मुंबईपाशीच थांबते. नाझी राजवटीच्या सावटातून निसटलेले व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, त्यांच्या सहवासात आलेले १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील तरुण, सूझा यांची जाड काळी रेषा : ही साखळी खरीच आहे. मात्र तिच्यामुळे अभिव्यक्तिवाद म्हणजे विरूपित चेहरा व भडक रंग, असा निव्वळ शैलीपुरता अर्थ रूढ झाला.

१९०५ मध्ये ड्रेस्डेनला ‘ब्रूके’ गट स्थापणाऱ्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांचा झगडा केवळ शैलीशी नव्हता. १९१२ मध्ये म्युनिकहून कान्डिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी संपादिलेल्या ‘ब्लाउए रायटर’ या संग्रहात लोककलेच्या शेजारी मुलांची चित्रे छापलेली होती. रूप बाह्य नियमाने नव्हे, तर आंतरिक निकडीने सिद्ध होते, हा कान्डिन्स्कींचा सिद्धान्त. आणि अकादमीचे संस्कार न झालेले मूल हा त्याचा साक्षीदार.

हाच साक्षीदार पुढे वर्ध्याला एका निराळ्या खटल्यात उभा राहतो. जुलै १९३७ मध्ये म्युनिकला ‘अवनत कला’ म्हणून या चित्रकारांची जाहीर विटंबना झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगकेंद्रित योजना आखली. (वर्ष एकच, हा योगायोग, त्यातून अधिक काही काढू नये.) त्या योजनेत चित्रकलेला स्थान होते, परंतु भर निरीक्षण, आकारांची स्मृती, नक्षी आणि वस्तूंचे आरेखन यांवर होता. मुलाच्या कामातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा असताना, ज्याचे सूतही होत नाही आणि कापडही, अशा चित्राचे प्रयोजन काय?

हा प्रश्न १९४४ मध्ये शांतिनिकेतनाच्या कलाभवनातून सेवाग्रामला आलेल्या देवीप्रसाद (१९२१–२०११) यांच्यापुढे होता. नंदलाल बोस यांच्या या शिष्याने सुमारे अठरा वर्षे तेथे मुलांबरोबर काम केले. शांतिनिकेतनाला जर्मन आधुनिकता अपरिचित नव्हती. स्टेला क्रामरिश तेथे शिकवीत. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला कान्डिन्स्की आणि क्ले यांची चित्रे लागली होती. १९३० मध्ये रवींद्रनाथांची चित्रे बर्लिनमध्ये प्रदर्शित झाली. तरीही देवीप्रसादांवर अभिव्यक्तिवादाचा ‘प्रभाव’ होता असे म्हणणे घाईचे ठरेल. नाते असलेच तर ते चुलत आहे.

फरक अधिक बोलका आहे. म्युनिकच्या चित्रकाराला मुलाच्या चित्रात स्वतःच्या मुक्तीचा मार्ग दिसत होता. मूल तेथे प्रौढांच्या कलेचे प्रमाण म्हणून आले. सेवाग्रामात चित्राचा धनी मूलच राहिले. त्या चित्रातून प्रौढांची कोणतीही चळवळ निघायची नव्हती, म्हणूनच कदाचित कलेतिहासाने त्याची नोंद घेतली नाही. देवीप्रसादांनी कलेला हस्तोद्योगाची पुरवणी मानले नाही. शिक्षणाचा पायाच ती आहे, अशी भूमिका घेतली. टकळीच्या हिशेबात बसवता न येणारी आंतरिक निकड त्यांनी नई तालीममध्ये राहूनच मांडली, तिच्याविरुद्ध बंड पुकारून नव्हे. १९६२ मध्ये ते युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले.