उटणे, उटी आणि धुरी : देहगंधनिवारणाच्या घरगुती विद्येचा शब्देतिहास

देहाची दुर्गंधी घरगुती द्रव्यांनी दूर करण्याचा खटाटोप आजचा नव्हे. अलीकडे पुष्कळ घरांत खोबरेल, आरारूट आणि खायचा सोडा एकत्र कालवून ‘नैसर्गिक डिओडरंट’ तयार करतात. या कृतीचे नाव परके आहे, म्हणून वस्तूही परकी असावी, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे हे तपासावयाचे तर मराठीत या कामासाठी पूर्वीपासून कोणते शब्द होते आणि ते शब्द नेमक्या कोणत्या क्रिया दाखवीत, हे प्रथम पाहिले पाहिजे. शब्द टिकून क्रिया विसरली गेली, की कृती बिघडते. आणि या विषयात नेमके तेच घडले आहे.

पुण्याची सर्वांत जुनी पेठ म्हणजे कसबा पेठ. जुन्या वाड्यांतील स्नान हा एक लहानसा उद्योगच होता. पाणी तापवावयाचा बंब आणि ते विसणावयाचे घंगाळ याच पेठेतील तांबट आळीत घडत. मातीची भांडी कुंभारवाड्यातून येत. सुगंधी मुळ्या व साली घरीच खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केल्या जात. अशा घरात देहगंधाशी संबंधित तीन वेगळ्या क्रिया चालत. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल जिरवून अंगाला उटणे लावीत. उन्हाळ्यात चंदन उगाळून त्याची उटी देत. आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर ओवा, बाळंतशेपा, ऊद यांची धुरी देत. पहिल्या क्रियेत द्रव्य चोळून धुऊन टाकावयाचे, दुसऱ्या क्रियेत ते अंगावर राहू द्यावयाचे आणि तिसऱ्या क्रियेत द्रव्याचा केवळ धूर घ्यावयाचा. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ याचा वंशज होय. पालीत ‘उब्बट्टन’, प्राकृतात ‘उव्वट्टण’, हिंदीत ‘उबटन’ आणि मराठीत ‘उटणे’ अशी ही परंपरा आहे. ‘र्त’ या जोडाक्षराचा मूर्धन्य ‘ट्ट’ झाला. हिंदीने ओष्ठ्य वर्ण राखला, मराठीने तो गाळला. मूळ धातूचा अर्थ ‘वर फिरविणे, चोळणे’ असा आहे. सुगंधाचा त्यात गंधही नाही. अमरकोशात उद्वर्तन आणि उत्सादन हे शब्द एकत्र दिले आहेत, तेही चोळण्याच्या क्रियेसाठीच. वैद्यकाची दृष्टीही हीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याचे आठ दोष सांगताना दुर्गंध आणि घामाचा त्रास यांची स्वतंत्र गणना केली आहे. घाम आणि दुर्गंधी एक नव्हेत, हे तेथे स्पष्टच गृहीत धरले आहे.

राजदरबारी ग्रंथांतही हा क्रियाभेद आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात स्नानभोग आणि विलेपनभोग ही निरनिराळी प्रकरणे आहेत. उद्वर्तन हे स्नानाचे अंग, तर विलेपन हा स्नानोत्तर उपचार. मराठी घरातील उटणे आणि उटी यांच्यातील भेद तो हाच. त्याही पूर्वी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या गंधयुक्ती प्रकरणात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून १,८२० संयोग होतात असे गणित मांडले. गंध सिद्ध करणे ही हाताची कला असली, तरी प्रमाणांचे शास्त्रही तिच्या पाठीशी होते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा मात्र पुण्यातच उजेडात आला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ या दोन संस्कृत ग्रंथांचे हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले. ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोडे यांनी इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. ‘गंधसार’ पुढे १९८९ मध्ये बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला. गंगाधराने सहा संस्कार सांगितले आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन, म्हणजे चूर्णाला द्रवाची भावना देणे, शिजविणे, गंध जागा करणे, तीव्र द्रव्याने तो भेदक करणे, धूर देणे आणि फुलांच्या सहवासाने वासित करणे. संस्कृत गंधशास्त्रावर मराठी टीका लिहिली गेली, यावरून एक गोष्ट निश्चित होते : ही विद्या केवळ पंडितांसाठी नव्हती, मराठीतून ती समजून घेणारा वाचक अस्तित्वात होता.

ती विद्या पुढे क्षीण झाली, त्याची खूण द्रव्यनामांत दिसते. उटण्याच्या परंपरागत द्रव्यांत नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, आंबेहळद व चंदन ही प्रमुख होत. यांपैकी मराठीत ‘वाळा’ म्हणजे संस्कृत ‘उशीर’, गवताच्या जातीची सुगंधी मुळी. परंतु संस्कृत ‘वालक’ अथवा ‘ह्रीबेर’ ही निराळी वनस्पती असून मराठीत तिला ‘काळा वाळा’ म्हणतात. संस्कृत पाठातील ‘वालक’ पाहून जो वाळा घालील, तो दुसरेच द्रव्य घालील. ‘कर्चूर’ याचा ‘कचोरा’ झाला. पण ‘शटी’, म्हणजे कपूरकचरी, आणि कचोरा यांची अदलाबदल वारंवार होते. ‘प्रियंगु’ म्हणजे गव्हला असे म्हणतात. तथापि प्रियंगु या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. ‘गव्हला-कचरा’ या जोडनामातील दुसरे पद तर आजच्या कानाला केरकचऱ्यासारखे ऐकू येते. काष्ठौषधींच्या दुकानात पुडी मागणारा नाव उच्चारतो; वस्तू कोणती मिळाली हे त्याला ठाऊक नसते.

आता आधुनिक शास्त्र काय सांगते ते पाहू. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतील विशिष्ट ग्रंथींच्या स्रावाचे त्वचेवरील सूक्ष्म जंतू विघटन करतात आणि त्यातून उग्र वासाची अम्ले व गंधकयुक्त संयुगे निर्माण होतात. म्हणून उपायही दोन प्रकारचे आहेत : जंतूंना वा वासाला आवर घालणारे दुर्गंधनाशक आणि घामाची वाट रोखणारे स्वेदरोधक. १८८८ मध्ये फिलाडेल्फियात ‘मम’ या नावाने निघालेले मलम पहिल्या प्रकारचे होते. अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचे स्वेदरोधक त्यानंतर आले. आपल्याकडील तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार होय. तिचे नाव ‘तुरट’ या रसावरून पडले असून त्याचे नाते संस्कृत ‘तुवर’ या शब्दाशी आहे. न्हाव्याच्या पेटीतील खडा ओला करून काखेत फिरविला, तर तिचा स्तंभक गुण जंतूंची वाढ मंद करतो. स्वेदरोधकातील क्षारांप्रमाणे तुरटी घामाच्या नलिका प्रभावीपणे बुजवीत नाही. म्हणून तिला दुर्गंधनाशक म्हणणेच युक्त.

या कसोटीवर आजची घरगुती कृती तपासली, तर तिचा दोष ध्यानी येतो. सोडा अल्कधर्मी आहे, तर त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी. म्हणून अनेकांच्या काखेत तो अंगावर राहिला की आग व पुरळ उठते. सोडा चोळून लगेच धुतला असता, तर तो उटण्याच्या जातीचा ठरता. पण त्याला उटीची जागा दिली जाते. उलट उटण्याचे भरड चूर्ण धुऊन टाकण्यासाठी सिद्ध केलेले असते. ते काखेत ठेवून देणे हाही तोच प्रमाद. अंगावर ठेवावयाचे ते सूक्ष्म, सौम्य व शोषक असावे. उगाळलेले चंदन किंवा वस्त्रगाळ केलेले वाळ्याचे चूर्ण त्या जागी शोभते, तुरटीचा खडाही चालतो. त्वचा नाजूक असल्यास प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून पाहणे इष्ट.

एवंच, ‘डिओडरंट’ या परक्या नावाने जी वस्तू आली, तिची जागा मराठीत रिकामी नव्हती. एकेकाळी तीन क्रियांना तीन नावे होती. उटणे दिवाळीपुरते उरले, उटी देवपूजेत गेली, धुरी बाळंतिणीच्या खोलीत राहिली; आणि रोजच्या देहशुद्धीसाठी मराठी बोलणाऱ्याजवळ शब्दच उरला नाही. शब्द नाही म्हणून तो परका शब्द घेतो, आणि त्याबरोबर कोणते द्रव्य धुवावयाचे व कोणते ठेवावयाचे याचा विवेक गमावतो. ‘गंधवादा’च्या मराठी टीकाकाराने जे काम आपल्या काळी केले, ते द्रव्यनामे निश्चित करून आज पुन्हा करावयास हवे. ते भाषाभ्यासक आणि वनस्पतिज्ञ यांनी मिळून करावयाचे काम आहे.