सेनासनाचे वाटप : संघाच्या निवासाचा विनय

विद्यापीठात काय शिकविले जाते, यापेक्षा तेथे खोल्या कशा वाटल्या जातात, यावरून त्याची समता अधिक नेमकी कळते. बौद्ध विद्यापीठांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे.

चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात एक प्रसंग येतो. वेसालीहून सावत्थीकडे जाताना छब्बग्गिय भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावून सर्व निवास अडविले. स्थविर सारिपुत्तांनी ती रात्र वृक्षाखाली काढली. हे कळताच तथागतांनी संघाला विचारले, अग्रासनाचा अधिकारी कोण? काहींनी उत्तर दिले, क्षत्रिय कुलातून प्रव्रजित झालेला. काही म्हणाले, ब्राह्मण कुलातून आलेला. तथागतांनी दोन्ही उत्तरे नाकारली आणि मान उपसंपदेच्या ज्येष्ठतेवर ठरविला. कुळाचा दावा संघाच्या दारातच संपला.

पुढे वाटपाची रीतही ठरली. सेनासनग्गाहापक म्हणून नेमावयाचा भिक्खू छंद, दोष, मोह व भय यांपासून मुक्त असावा. त्याने आधी भिक्खू मोजावेत, मग शय्या मोजाव्यात आणि नंतर वाटप करावे. एकाने दोन ठिकाणी जागा अडवू नये. विहार व मंच-पीठ ही संघाची संपत्ती. ती कोणाही व्यक्तीला देऊन टाकण्याचा अधिकार खुद्द संघालाही नाही.

ही परंपरा नालंदेत शतकानुशतके टिकली. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सुमारे दहा वर्षे राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग आठ शाळा, तीनशे खोल्या आणि तीन हजारांवर भिक्खूंची नोंद करतो. वर्षावासापूर्वी दरवर्षी खोल्या नव्याने वाटल्या जात. यामुळे स्वार्थबुद्धी नष्ट होते आणि खोल्यांचीही निगा राहते, असे तो सांगतो. दारांना पडदे लावण्यास मनाई होती. सकाळी घंटा होताच शेकडो भिक्खू एकत्र स्नानासाठी तलावांकडे निघत. उत्खननात उघड झालेल्या, मधल्या चौकाकडे दारे असलेल्या खोल्या या सहजीवनाची साक्ष देतात.

दब्ब मल्लपुत्त निवास देताना सुत्तधरांना सुत्तधरांजवळ व विनयधरांना विनयधरांजवळ ठेवी, म्हणजे त्यांचे परस्पर अध्ययन व्हावे. येथे शेजार अभ्यासाने ठरत असे. याउलट, 2007 साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वसतिगृहांविषयी नोंदविले, की अपमानास कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी ठरावीक मजल्यांवर एकवटले होते. येथे शेजार जातीने ठरला.

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह उघडले, त्याचे मर्म या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. बाबासाहेबांना शिक्षणाचा प्रश्न निवासापासून वेगळा करता येत नव्हता. ज्याला निर्धास्तपणे दिवा लावून बसता येईल अशी जागा नाही, त्याच्यापुढे ग्रंथ ठेवून काय उपयोग? म्हणून खोलीचे न्याय्य वाटप हा व्यवस्थापनाचा किरकोळ तपशील नसून विनयाचा विषय आहे.