शोधनाची टीप

शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. शोधनाचा शक नोंदविला, पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असेही बजाविले. मात्र कोणता पाठ कोठे व का बदलला, ह्याची टीप ठेविली नाही. त्या थोर कार्यात आम्हांस हाच काय तो उणेपणा वाटतो. कारण 1909 साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत छापिली, तेव्हा ताडून पाहावयास नाथांचे टिपण कोणापाशीच नव्हते.

संगणकाच्या आज्ञावलीचे शोधनही ह्याच जातीचे. 1974 साली युनिक्सबरोबर ‘डिफ’ ही आज्ञा आली. ती टंकून दोन प्रतींची नावे दिली, की भिन्न ओळी तेवढ्या पडद्यावर उमटतात. बदलाचे कारण मात्र शोधकानेच लिहावयाचे. आणि मंठ्यास काय, पुण्यास काय, विद्यार्थी नेमके तेवढेच गाळतात!