रायफलच्या नळीचे आटे: आज मझल ब्रेक, उद्या सप्रेसर

अमेरिकेत रायफलच्या नळीच्या तोंडाशी आटे पाडताना दोन मापे रूढ आहेत. 5.56 मिमीसाठी बहुधा 1/2-28, म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला 28 आटे; .308 साठी 5/8-24. आज नुसता धक्का कमी करणारा ब्रेक लावायचा असला तरी रूढ मापच घ्यावे. पुढे 1934 च्या कायद्याखाली नोंदणी करून सप्रेसर घेतला, तर तो सहज जुळतो. नळी बारीक असेल तर मात्र 5/8 आट्यांमागे टेकायला पुरेसा खांदा उरत नाही.

खरी गोम मापात नाहीच. आटे नळीच्या बाहेरच्या अंगाशी नव्हे, आतल्या छिद्राशी समकेंद्री हवेत. आखूड ब्रेकला किंचित तिरकेपणा खपून जातो. लांब सप्रेसरमध्ये गोळी आतल्या पडद्यांवर आदळते.