वाघ, शेळी, गवत आणि वैनगंगेचा डोंगा

नावाड्याबरोबर एका खेपेला एकच काही मावेल एवढी नाव. पलीकडे न्यायचे आहेत वाघ, शेळी आणि गवताचा भारा. नावाडी जवळ नसला की वाघ शेळीला खाणार आणि शेळी गवत फस्त करणार.

मराठी मुलांना घातलं जाणारं हे कोडं युरोपात लांडगा, बकरी आणि कोबीचं आहे. शार्लमेन राजाच्या दरबारातला विद्वान अल्क्विन ८०४ मध्ये वारला. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन संग्रहात ते अठरावं आहे.

गोंदियाकडे नावेत काय नि किती मावतं, हा रोजचा प्रश्न होता. पूल होण्याआधी वैनगंगा आणि वाघ नदी भर पावसाळ्यात ओलांडायची तर डोंगाच. झाडाचा अख्खा बुंधा कोरून केलेली ही अरुंद होडी, वल्हवणारे बहुधा ढिवर. काठावर पाय पडला की कलते; त्यात बुजलेलं जनावर असलं तर सगळ्यांच्याच जिवाला घोर.

हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. मध्य प्रांतालाही लागू असलेल्या १८७८ च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्टाखाली घाटांचे लिलाव होत. नावेत किती माणसं, किती जनावरं, किती ओझं घ्यायचं, याचे नियम करायची मुभा त्यात होती. उताऱ्याचे दर देशी भाषेत घाटावर लावणं ठेकेदारावर बंधनकारक होतं. कोड्याची अटच जणू कायद्यात आली!

उत्तर सात खेपांचं. आधी शेळी पलीकडे, नावाडी रिकामा परत. मग वाघ पलीकडे. आणि इथेच मेख आहे, शेळीला परत आणायचं. तिला अलीकडे उतरवून गवत न्यायचं, रिकामं येऊन शेवटी पुन्हा शेळी. वाघ आणि गवताची अदलाबदल केली तरी चालतं. पोहोचवलेलं माघारी आणायला मन धजत नाही, म्हणून बहुतेक जण चौथ्या खेपेलाच अडतात. या कोड्याचं सगळं मोल त्या एका खेपेत आहे.

त्याच संग्रहातल्या स्त्री-पुरुषांच्या तीन जोड्यांच्या कोड्याने गणितींना जास्त छळलं; त्यात आपला माणूस जवळ नसताना कुठलीही बाई परपुरुषाबरोबर राहता कामा नये. दोघांच्या नावेतून चार जोडपीही जातील, असं इटलीच्या तार्तालियाने १५५६ मध्ये लिहिलं, ते चुकलं. १८७९ मध्ये द फोंतने या फ्रेंच अभ्यासकाने नदीच्या मधोमध एक बेट कल्पिलं, आणि चारच काय, कितीही जोडपी पार होऊ लागली.