हात लागला तो तपासणीपुरता

माझे थोरले चुलतभाऊ आण्णा कुवेतला नऊ वर्षे गाडी चालवीत होते. करार संपला तसे ते घरी आले. मधल्या दोन वर्षांत त्यांना क्षय झाला, सहा महिने सरकारी इस्पितळातल्या गोळ्या खाऊन ते ठणठणीत बरे झाले आणि नव्या करारावर परत जायला निघाले. व्हिसासाठी मुंबईतील एका केंद्रात तपासणी झाली. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. चौथ्या दिवशी कागद हाती आला : अनफिट. रोग नव्हता, पण फुप्फुसावर त्याचा डाग राहिला होता.

आण्णांचे दुःख त्यांचे एकट्याचे आहे. परंतु ज्या रांगेत ते उभे राहिले ती रांग फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास आपल्या बाजूने कुणीतरी मांडला पाहिजे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून मॉरिशसला हिंदी मजूर जाऊ लागले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या एका बेटावर उतरली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. जहाजावर चढण्यापूर्वी डेपोतला डॉक्टर प्रत्येकाला पाही. हा सगळा उपद्व्याप मजुराच्या काळजीपोटी होता असे समजण्याचे कारण नाही. मळेवाल्याला वाटेत मरणारा मजूर परवडत नव्हता. आणि तपासणी कितीही झाली तरी माणसे मरतच. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा निघाला. उतारूंना गॅब्रिएल नावाच्या लहानशा बेटावर उतरवून ठेवले, तिथे जवळपास तीनशे जण मेले.

या तपासणीत आपल्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडत होती. फिजी, गियानाकडे जाणाऱ्यांचे तळहात पाहिले जात. घट्टे असले की माणूस कामाचा. मऊ हातांचा ब्राह्मण तिथे नको असे, म्हणून काही ब्राह्मणांनी जात लपवून नावे बदलल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या हातांना गावात पाणवठ्याला हात लावायची बंदी, तेच हात तिथे पात्रतेचा दाखला ठरत होते! अर्थात यात समतेचा लवलेश नव्हता. बैल घेतानाही कुणी त्याची जात विचारत नाही, दात पाहतो.

लष्करात याच्या अगदी उलट झाले. महार शिपायाची छाती, उंची, नजर सारे मापात बसत होते, पिढ्यान्‌पिढ्या बसले होते. तरी १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली, कारण ‘लढवय्या जातीं’च्या नव्या यादीत ते बसेनात. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला तो याच अन्यायाविरुद्ध. देह पात्र, जात अपात्र. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत जवळजवळ अर्धशतक गेले.

आणि देह आजारी पडला तर? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र उद्धृत केले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. दोन रुपये फी ठरली, बाईला वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतीचा प्रवासही तसाच. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. बाई मेली. नाडीला हात लागला असता तर ती जगली असती की नाही, हा माझा प्रश्न नाही. तो हात लागला नाही, एवढे मात्र इतिहासात नोंदले गेले. ज्या पुस्तकात ते नोंदले गेले त्याच्या नावातच व्हिसा आहे, आणि तो विलायतेचा नाही.

परक्या देशाच्या दारात हाच हात भलतीकडे पोचतो. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या पस्तिशीच्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्यचाचणी’ केली गेली. ओरड झाल्यावर ब्रिटिश सरकारने प्रथा थांबवली. परंतु २०११ साली उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते की दिल्ली व मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांत त्याआधीच्या तीन-एक वर्षांत निदान ऐंशी बायकांवर हा प्रसंग आला होता.

आज आखाती देशांच्या मान्यताप्राप्त केंद्रांत एच.आय.व्ही., कावीळ ब व क आणि क्षय शोधतात, बायकांची गरोदरपणाची चाचणी करतात. संसर्ग असलेल्याला अडवणे एक वेळ समजू शकते. पण बऱ्या झालेल्या क्षयाचा डागही तिथे माणसाला बाद करतो. क्षय कुणाला होतो हे वेगळे सांगायला नको. माझे चुलते गिरणीत सूतखात्यात होते. विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. चाळीतल्या एका खोलीत आम्ही नऊ जण झोपत होतो. आण्णांचा क्षयही त्याच खोलीतला. त्या खोलीची नोंद एक्स-रेच्या फिल्मवर कुठेच नाही. नोंद आहे ती आण्णांच्या नावावर.

परवा मी त्यांना विचारले, “आण्णा, डॉक्टरांना सांगितलं नाहीत का, की पुरता बरा झालोय?”

“सांगितलं ना,” ते म्हणाले. “त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही रे. फिल्म उजेडाला धरून बघत होते.”

ती फिल्म त्यांनी मागून आणली आहे. पेटीत, पासपोर्टाखाली ठेवली आहे.