वारसा जमिनीचा, जबाबदारी बांधाची: मृत्युपत्र आणि न्यासात पर्यावरणाची अट कशी टिकते?

अलिबाग तालुक्यातील रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले गाव. पलीकडच्या काठावर उरण तालुक्यातील करंजा. रेवसपासून आत धरमतरपर्यंत खाडीकाठची बरीच भातशेती खारजमिनीवर आहे. भरतीचे पाणी अडवणारा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा मुख्य बांध, आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारी उघाडी धड असेल तरच ही शेती पिकते. एका हिस्सेदाराने आपल्या भागातला बांध सोडून दिला, तर उधाणाला खांड पडते आणि खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतातही शिरते.

अशा जमिनीची वाटणी होताना कोणाला किती गुंठे हे काटेकोर लिहिले जाते. बांध, उघाडी आणि कांदळवन कोण सांभाळणार, हे सहसा राहून जाते. करंजा–रेवस पूल झाला की मुंबई रस्त्याने आणखी जवळ येईल, आणि विकायचे की राखायचे हा प्रश्न भावंडांपुढे लवकरच उभा राहील. म्हणून वारशाबरोबर जबाबदारीही पुढे कशी द्यायची, हे माहीत असणे उपयोगाचे आहे.

शिलोत्री: हक्काला जोडलेले काम

ही कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खाडीकाठच्या काही जमिनी ‘शिलोत्री’ पद्धतीने धारण केल्या जात. खाडी हटवून जमीन तयार करणारे ते शिलोत्रीदार. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्यासाठी त्यांना कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे मणभर भात मिळे. म्हणजे उत्पन्नाचा हक्क आणि बांधाचे काम एकमेकांना जोडलेले होते.

त्या काळची जमीनव्यवस्था कुळांना न्याय देणारी नव्हती. खोत आणि सावकारांविरुद्ध याच तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ असा चालला. पुढे कूळकायदा आणि खोती निर्मूलन आले. १९४८ चा खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा यांमुळे अनेक बांधांचे काम शासकीय योजनांकडे गेले. कसणारा मालक झाला हे योग्यच झाले, पण बांधाचे कर्तव्य मात्र कुटुंबाच्या दस्तांत कुठे उरले नाही.

मृत्युपत्रातली इच्छा किती बांधील?

फारशी नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम १३८ नुसार एखाद्याला पूर्ण मालकीने निधी दिला आणि तो अमुक रीतीनेच वापरावा असे लिहिले, तरी ती सूचना त्याला बांधत नाही. ‘ही जमीन कधीही विकू नये’ अशी सरसकट बंदीही कायद्यापुढे टिकत नाही. वडिलांची इच्छा मुलांनी पाळली तर उत्तम, पण न पाळल्यास न्यायालयात दाद मागणे अवघड.

शिवाय मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचे करता येते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मतः समान हक्क आहे. मुस्लिम कुटुंबात इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारणतः एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही.

खासगी न्यास: पिढी–दोन पिढ्यांचा उपाय

भारतीय न्यास कायदा, १८८२ नुसार जमिनीचा न्यास नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्राने स्थापता येतो. जमीन विश्वस्तांच्या नावावर राहते, उत्पन्न मुला–नातवंडांना मिळते आणि मालमत्ता सांभाळणे हे विश्वस्तांचे कायदेशीर कर्तव्य ठरते. दस्तात विक्रीचा अधिकार दिला नाही, तर विश्वस्ताला मनाला येईल तेव्हा जमीन विकता येत नाही.

त्याच्या तीन मर्यादा आहेत. पहिली, लाभार्थी व्यक्तीच असावी लागते; कांदळवन किंवा खाडी लाभार्थी होऊ शकत नाही. दुसरी, असा न्यास कायमचा करता येत नाही. हयात असलेल्या व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर येणाऱ्या वारसाचे अज्ञानपण, इथपर्यंतच मालमत्ता बांधून ठेवता येते. तिसरी, सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि त्यांचे एकमत झाले, तर ते मालमत्ता आपल्या नावे मागू शकतात. एका वारसाच्या लोभापासून खासगी न्यास जमीन वाचवतो. सगळ्यांनी मिळून ठरवले तर त्याचा उपयोग नाही.

सार्वजनिक न्यास: टिकाऊ, पण परतीची वाट नाही

पर्यावरण रक्षण हा आयकर कायद्याच्या दृष्टीने धर्मादाय हेतू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. त्याला काळाची मर्यादाही लागू होत नाही. मात्र एकदा दिलेली जमीन कुटुंबाची राहत नाही. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते: बिगरशेतकऱ्याला, म्हणजे न्यासालाही, शेतजमीन देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहावी लागते.

अट माणसाला नको, जमिनीला बांधा

अमेरिकेत मालक जमिनीचा विकास करण्याचा हक्क संवर्धन संस्थेकडे कायमचा सोपवू शकतो आणि जमीन स्वतःकडे ठेवू शकतो. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. पण वाटणीपत्र करतानाच १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार घेता येतो. ‘गट क्रमांक अमुकचे पाणी तमुक गटातील उघाडीतून वाहील आणि तो मार्ग कोणी बुजवणार नाही’ असा हक्क लिहून नोंदवला, तर तो जमिनीबरोबर जातो आणि पुढच्या खरेदीदारालाही लागू होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११ नुसारही, शेजारच्या स्वतःच्या जमिनीच्या फायद्यासाठी घातलेली अट ग्राह्य धरता येते. जुन्या शिलोत्रीशी सर्वांत जवळचा मार्ग हाच.

शेतात कांदळवन उगवले असेल तर?

बांध फुटून वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या खारजमिनीवर कांदळवन वाढते. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर तिवरांचे रान, असा वारसा येथे अनेकांच्या वाट्याला येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने, मालकी कोणाचीही असो, कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली आहे. त्यामुळे असा तुकडा ‘बांधकामाची जागा’ समजून एका वारसाला देणे म्हणजे त्याची फसवणूकच. वाटणीआधी प्रत्यक्ष मोजणी करून तो भाग सामाईक ठेवणे बरे.

राखायचेच असेल, तर भारतीय वन कायदा, १९२७ च्या कलम ३८ नुसार दोन तृतीयांश हिश्श्याचे मालक, जमिनीचे व्यवस्थापन वन विभागाने करावे, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करू शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-क खाली खासगी जमीन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करण्याचीही सोय आहे. घोषणेनंतर व्यवस्थापन समिती आणि शासन यांच्या मान्यतेशिवाय तिचा वापर बदलता येत नाही.

दस्तात काय असावे?

- ‘पर्यावरण जपावे’ असे मोघम वाक्य टाळावे. ‘दर वर्षी मे अखेर उघाडीची झडप व बांध तपासून दुरुस्त करावा’ असे मोजता येणारे काम लिहावे.
- खर्चाची सोय करावी. जिताड्याच्या तळ्याचे किंवा बागेचे उत्पन्न त्यासाठी राखून ठेवता येते. पैसा नसेल तर अट कागदावरच राहते.
- बांध शासकीय योजनेतला की खासगी, हे खारभूमी विभागाकडून आधी तपासावे.
- कुटुंबाबाहेरचा किमान एक विश्वस्त नेमावा.
- शेती अशक्य झाली तर पुढे काय, हेही लिहावे. समुद्राची पातळी वाढते आहे; काही ठिकाणी बांध राखण्यापेक्षा कांदळवन वाढू देणे शहाणपणाचे ठरेल.

दस्त करण्यापूर्वी जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि मसुदा सर्व वारसांना, सासरी गेलेल्या लेकींनाही, वाचून दाखवावा. सर्वांच्या एकमताने मोडू शकणारी व्यवस्था टिकायची, तर तिच्यामागचे कारण सर्वांना पटलेले असावे लागते.